तीन कुलपांचा भोंगा

साहेब, तो फलक तुम्हीच लावलात. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं, खाली तुमच्या नागरी संरक्षण कचेरीचं नाव : ‘अफवांवर विश्वास ठेवू नये. भोंगा वाजल्याशिवाय कोणीही जागा सोडू नये.’ आणि ज्या भोंग्याच्या आवाजावर तुम्ही साऱ्या गावाचा जीव टांगलात, त्याच भोंग्याला तीन कुलपं घालायच्या कागदावर सहीसुद्धा तुमचीच. एका हातानं लोकांना सांगितलंत, याची वाट बघा. दुसऱ्या हातानं माझा गळा आवळलात. मी आडून बोलत नाही. तुम्हाला ऐकू जावं म्हणूनच बोलतोय.

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. चिंचवडच्या पुढे बरकतच्या भंगाराच्या वखारीत, मोडक्या सायकली आणि फुटक्या मोटारींच्या मध्ये उताणा पडलो आहे. कर्ण्यात पावसाचं पाणी साचलंय. उद्या बरकत मला फोडणार आहे. त्यात त्याचा काही दोष नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण फुटायच्या आधी मला एकदा सगळं सांगू द्या.

बासष्टच्या थंडीत चीनची लढाई झाली आणि आपली माणसं हादरली. पिंपरीत तेव्हा कारखाने विरळ होते. दोन धुराड्यांच्या मध्ये ज्वारीची रानं असायची. अशाच एका ठिकाणी पाण्याचे पंप बनवणारा एक कारखाना होता. त्याचे मालक नानासाहेब. त्याला लागून रसायनांचा कारखाना, तिथले मॅनेजर यशवंतराव. आणि दोघांच्या पाठीशी जुनं गाव, तिथले कारभारी आबाजी. तिघांची दोस्ती अशी, की एकाच्या घरी पुरणपोळी झाली तर दोन डबे बाहेर जायचे. लढाईच्या बातम्या येऊ लागल्या तसे तिघे गावच्या भैरोबापुढे उभे राहिले. बेल-भंडारा उचलला आणि म्हणाले, एकाचं संकट ते तिघांचं. सगळ्यांच्या राखणीला एकच भोंगा बसवू.

तो भोंगा म्हणजे मी.

मला घडवलं सरदार मिस्त्रीनं. पंपाच्या पंख्याचा साचा जरा बदलून त्यानं माझा पंखा ओतला. लेथवर चढवून असा तासला की बोट फिरवलं तर लोण्यासारखं लागावं. पहिल्यांदा मोटर लावली आणि मी ओरडलो, तेव्हा मला स्वतःलाच भीती वाटली. सरदार मात्र हसत होता. “आमच्या हसीनाची कोंबडी दोन दिवस अंडं देत नाही,” तो तिसऱ्या दिवशी सांगत सुटला, “म्हणजे भोंगा पास!”

मित्रांनो, दोस्ती असते ना, ती संकट लांब असेपर्यंत फार गोड असते. मला मनोऱ्यावर चढवायचा दिवस उजाडला आणि पहिला प्रश्न निघाला : याचं तोंड कुणाकडे?

“भोंगा माझ्या कारखान्यात घडला,” नानासाहेब म्हणाले, “तोंड माझ्याकडे.”

“अहो, धोका सगळ्यात जास्त माझ्या टाक्यांना. तोंड माझ्याकडेच हवं,” यशवंतराव म्हणाले.

“आन् आमी काय बहिरं ऱ्हायाचं?” आबाजी उसळले. “मनोऱ्याची जागा गावाची हाय. त्वांड गावाकडंच!”

सरदार मिस्त्री खाली बसून हे ऐकत होता. तो म्हणाला, “फिरतं करून देतो ना. खाली चाक लावतो. जिकडे पायजे तिकडे फिरवा.”

“आन् फिरवनार कोन?” आबाजींनी विचारलं.

तिघांनीही एकदमच ‘मी’ म्हटलं. तेव्हा साहेब, तुम्ही तोडगा काढलात. शत्रूचं विमान आभाळातून येणार, तेव्हा तोंड आभाळाकडे ठेवा, म्हणालात. तिघांनी टाळ्या वाजवल्या. कुणाचंच ऐकायला लागलं नाही, म्हणून सगळे खूश! मनोऱ्याचा राखणदार सोपानराव हवालदार तिथंच उभा होता. सरदार त्याच्या कानाला लागून म्हणाला, “हवालदार, आता आपण विमानवाल्यालाच सांगायचं का, की बाबा रे, तू आलास म्हणून?”

सोपानराव हसला नाही. तो नुकताच त्या लढाईतून परतला होता. बर्फात त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली होती. लंगडत चालायचा. तो एवढंच म्हणाला, “मिस्त्री, तिकडं आमचं बी असंच झालं हुतं. शत्रू म्होरनं येत हुता आन् आमी मागं बघत हुतो, हुकूम कुनाचा येतोय म्हणून.”

तोंड आभाळाकडे, म्हणून पावसाचं पाणी शिरू लागलं. मग माझ्यावर पत्र्याची टोपी आली. टोपीनं आवाज आणखी दबला. पहिल्याच उन्हाळ्यात साळुंकीनं माझ्या कर्ण्यात घरटं केलं. राखणदाराच्या घशात घरटं, आणि खाली तिघे दोस्त चहा पीत बसलेले!

पासष्टची लढाई आली. एका दुपारी लोहगावच्या विमानतळाकडून आपलीच विमानं अगदी खालून गेली. पंप कारखान्याच्या एका माणसानं घाबरून बटण दाबलं आणि मी ओरडलो. नानासाहेबांच्या भट्टीवरची माणसं पळाली, वितळलेलं लोखंड तसंच थिजलं. यशवंतरावांच्या कामगारांनी भिंतीवरून उड्या टाकल्या, दोघांचे पाय मोडले. गावात आबाजींच्या म्हशी दावी तोडून पवनेच्या पात्रात गेल्या. आणि संध्याकाळी कळलं, शत्रू आलाच नव्हता.

झालं. भैरोबापुढची शपथ तिथंच भेगाळली. ‘कुणीही उठतो आणि वाजवतो’, हे तिघांचंही म्हणणं. गंमत बघा, प्रत्येकाला भीती उरलेल्या दोघांची होती. शत्रूचं नाव कुणी काढलं नाही. माझं बटण सरदारनं बनवलेल्या जाड लोखंडी पेटीत गेलं. पेटीला तीन कड्या, तीन कड्यांना तीन कुलपं, तीन घरी तीन किल्ल्या. तिन्ही कुलपं निघाल्याशिवाय पेटी उघडायची नाही. साहेब, कागद तुमच्यापुढे आला आणि तुम्ही वाचून सही केलीत. सोपानराव त्या पेटीचा राखणदार. पण किल्ली एकही त्याच्याकडे नाही. लढाईत बोटं घालवून आलेल्या माणसाच्या हातात किल्ली द्यायला तुम्हाला भीती वाटली!

आबाजींनी आपली किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधली. आंघोळीलाही सोडायचे नाहीत. नानासाहेबांची कोटाच्या आतल्या खिशात. यशवंतरावांची टेबलाच्या खणात, आणि खणाला पुन्हा कुलूप.

मधली काही वर्षं मात्र मी सुखाची पाहिली. ती सोपानरावाची बायको गिरजाबाई हिच्यामुळं. ती रोज नवऱ्याची भाकरी घेऊन मनोऱ्याखाली यायची. दसऱ्याला माझ्या खांबाला झेंडूची माळ बांधायची, कुंकू लावायची. “ह्यो आमचा राखनदार,” म्हणायची. सोपानराव चिडवायचा, “आन् मी कोन?” “तुमी ह्येचं चाकर!” ती म्हणायची आणि तोंडाला पदर लावून हसायची.

एकाहत्तरच्या लढाईत मी सहा वेळा वाजलो. तेव्हा तिघेही किल्ल्या घेऊन मनोऱ्याच्या आसपासच असत, म्हणून निभावलं. लढाई संपल्यावर मला हार घातला गेला. भाषणं झाली. तुम्ही म्हणालात, सहकार्याचा असा नमुना दुसरीकडे सापडायचा नाही. मित्रांनो, त्या कौतुकानं घात केला. शांततेच्या दिवसांत किल्ल्या कुठं असतात, हे विचारायचं सगळे विसरले.

सोपानराव विसरला नाही. त्याला शत्रूपेक्षा शेजारच्या टाकीची भीती जास्त होती. रसायनांच्या कारखान्यात क्लोरीन असायचा. पिवळसर, हवेपेक्षा जड वायू. सुटला तर जमिनीलगत सरपटतो आणि उताराकडे जातो. उताराला ओढा होता, तिथं गावच्या बाया धुणं धुवायच्या. सोपानरावानं तिघांना हात जोडून सांगितलं : टाकीपासून पेटीपर्यंत एक तार टाका. वायू सुटला की माझ्यापाशी घंटी वाजू द्या, आणि तिन्ही कुलपांची एकेक जादा किल्ली माझ्याकडं द्या.

यशवंतराव म्हणाले, “टाकीला तार लावायची म्हणजे टाकीत काय आणि किती आहे, ते बाहेर कळणार. ते आमचं गुपित आहे, सोपानराव.” नानासाहेब म्हणाले, “नवी घंटी जोडायला भोंग्याचे नकाशे लागतील. ते मी बाहेर देणार नाही. उद्या दुसरा कोणी भोंगे बनवायला लागला तर?” आबाजी म्हणाले, “तार आमच्या रानातनं न्हेनार व्हय? मग गावानं कवा पळायचं, ते कंपनी ठरवनार? ते जमायचं न्हाई.”

तिघेही खोटं बोलत नव्हते. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं होतं. म्हणूनच तर ते इतकं भयंकर होतं.

तार पडली नाही. फलक मात्र लागला. गावाला शिकवण्यात आलं : खाली-वर होणारा आवाज म्हणजे विमान, खड्ड्यात झोपा, एकसारखा लांब आवाज म्हणजे वायू, टेकाडावर पळा. आणि आवाज नसेल तर? जागा सोडायची नाही. गिरजाबाई हा धडा सगळ्यांत आधी शिकली आणि बायांना शिकवत हिंडली. “वास तर रोजचाच हाय,” ती सांगायची, “वासाला भ्यायचं न्हाई. भोंग्याकडं कान ठेवायचा.”

चौऱ्याहत्तर साल. फाल्गुन. वार गुरुवार.

आमच्याकडे गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते. पंप कारखाना बंद होता. नानासाहेब बहिणीला भेटायला माण गावाला गेले होते, आणि किल्ली त्यांच्या कोटात माणला गेली होती. रसायनांचा कारखाना मात्र सुट्टीलाही चालू असे. सकाळी साडेअकराला टाकीच्या तोंडापाशी फस्स आवाज झाला. मनोऱ्यावरून मला सगळं दिसत होतं. पिवळट धूर भिंतीखालच्या मोरीतून बाहेर आला आणि गवतावरून ओढ्याकडे सरकू लागला. सापासारखा नाही हो. साप वळतो, थांबतो. हा सरळ जात होता.

ओढ्यावर गिरजाबाई होती. तिच्यासोबत सरदारची बायको हसीना आणि गावातल्या तिघी. उन्हाळ्याआधीच्या गोधड्या धुवायला काढल्या होत्या.

सोपानरावानं धूर पाहिला. ओढा आणि तो यांच्या मध्ये तोच धूर होता. पलीकडे माणूस जाऊ शकत नव्हता, फक्त आवाज जाऊ शकत होता. आणि आवाज माझ्याकडे होता.

“आबाजी! किल्ली!” तो गावाकडे तोंड करून असा ओरडला, की लढाईतही ओरडला नसेल.

आबाजी धोतर सावरत धावत आले. त्यांच्याबद्दल मी खोटं बोलणार नाही, ते लगेच आले. करदोड्याची गाठ सुटेना. शेवटी सत्तरीचा तो माणूस चवड्यांवर उभा राहिला, कंबर पेटीला भिडवली आणि बांधलेल्या किल्लीनंच कुलूप उघडलं. मग “टेकाडावर चला रं!” असं ओरडत ते गावात पळाले. गाव वाचलं ते त्यांच्यामुळं.

सोपानराव लंगडत यशवंतरावांच्या फाटकावर पोचला. ते ऑफिसात फोन धरून बसले होते.

“मुंबईच्या हेड ऑफिसला फोन लागत नाहीये,” ते म्हणाले. कपाळावरून घाम गळत होता. “दहा मिनिटं थांबा.”

“साहेब, ओढ्यावर बाया हायेत!”

“मला कळत नाही का? पण भोंगा वाजला की कबूल केल्यासारखं होतं. वरून विचारल्याशिवाय मी कसं वाजवू? व्हॉल्व्ह बंद होतोच आहे.”

“माझी बायकू हाय तितं.”

यशवंतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. खण उघडला. किल्ली काढली आणि पुन्हा फोन कानाला लावला. किल्ली मुठीतच राहिली. सोपानरावानं ती मूठ उघडून किल्ली घेतली, तोवर नऊ मिनिटं गेली होती.

आता तिसरं कुलूप. त्याची किल्ली माणमध्ये.

तेवढ्यात सरदार मिस्त्री छिन्नी आणि घण घेऊन धावत आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं. तो स्वतःच बनवलेल्या पेटीवर घाव घालू लागला. पण पेटी बनवताना तुम्ही बजावलं होतंत ना साहेब, की कुणाला फोडता येऊ नये? त्यानं तशीच बनवली होती. बिजागऱ्या आतून, पत्रा जाड, कडी पोलादाची. एकेका घावाला तो रडत शिव्या देत होता. मला आधी वाटलं, नानासाहेबांना देतोय. मग ऐकलं. स्वतःच्या हातांना देत होता. “असं चांगलं काम कुणी सांगितलं होतं रे तुला, हरामखोरा?”

कडी तुटली आणि सोपानरावानं बटण दाबलं. मी जीव तोडून ओरडलो. एकसारखा, लांब. बावीस मिनिटं उशिरा, आणि आभाळाकडे तोंड करून.

ओढ्यावर चार बाया गेल्या. हसीना वाचली, कारण ओली गोधडी वाळत घालायला ती वरच्या खडकावर चढली होती. छातीचं दुखणं तिला कायमचं लागलं. तिसऱ्या दिवशी ती मनोऱ्याखाली येऊन सोपानरावापुढे बसली. थांबत, खोकत बोलली.

“भाईसाब, वास आला तसं मी बोलले, वैनी, चला वर जाऊ. आज येगळाच वास हाय. तर वैनी हसल्या. बोलल्या, ‘अगं, काय असतं तर भोंगा वाजला असता की. माझा मानूस बसलाय ना तितं.’”

सोपानराव उठला. तो मान वर करून माझ्याकडे बघत राहिला.

मित्रांनो, हेच मला खातं. मी नसतो, तर ती पळाली असती. नाकाला वास आला असता, हसीनानं हात ओढला असता आणि दोघी खडकावर चढल्या असत्या. तिला मारलं ते वायूनं खरंच. पण तिला जागेवर बसवून ठेवलं ते माझ्यावरच्या विश्वासानं. ढाल नसलेला माणूस निदान पळतो. अर्धी ढाल असलेला उभा राहतो.

पंधरा दिवसांनी बैठक झाली. आबाजी म्हणाले, आमचं कुलूप पैलं उघडलं. यशवंतराव म्हणाले, किल्ली माझ्या हातात तयार होती. नानासाहेब म्हणाले, मला कुणी कळवलंच नाही. भैरोबाच्या शपथेची आठवण कुणी काढली नाही. आणि साहेब, तुम्ही काय सुचवलंत? चौथं कुलूप. किल्ली तुमच्या कचेरीत!

तेही कुणाला मानवलं नाही. मग प्रत्येकानं आपला वेगळा भोंगा आणला. तीन भोंगे, तीन सूर. कुठला वाजला म्हणजे काय करायचं, हे आजही कुणाला सांगता येत नाही. मला मनोऱ्यावरून उतरवलं, एका शेडच्या मागे टाकलं, आणि काही वर्षांनी मी बरकतकडे आलो.

सोपानराव इथंही येतो. माझ्या शेजारी रिकाम्या डब्यावर बसतो. बरकतच्या रेडिओवर बातम्या लागतात. आता त्र्याऐंशी साल आहे. परवा बातमी होती, की एका मोठ्या देशाला आभाळात ढाल उभारायची आहे, शत्रूची क्षेपणास्त्रं वरच्या वर अडवणारी. पण त्याचे दोस्तच आढेवेढे घेत आहेत.

“काय समजत नाही राव,” बरकत तांब्याची तार सोलता सोलता म्हणाला. “हवालदारकाका, तुम्ही लढाई पाहिली. शत्रू एक, भीती एक, एवढे शिकलेले लोक. मग दोस्त-दोस्त एकत्र ढाल का करत नाहीत?”

सोपानरावानं माझ्या गंजक्या कर्ण्यावर हात ठेवला.

“बरकत, ढाल कुनाला नको? पर तिचं त्वांड कुनाकडं, ते आधी ठरवावं लागतं. वाचनार कोन पैलं? हुकूम कुनाचा? आपल्या यंत्रातलं गुपित दोस्ताला दावलं आन् उद्या त्यो दोस्त ऱ्हायला न्हाई तर? खोटा भोंगा वाजला तर दोष कुनाच्या माथी? आन् मी माझी किल्ली त्येच्या हातात दिली, आन् त्यो ऐन टायमाला माणला गेला तर?”

“मग ते भितात ते बरोबरच म्हणायचं?”

“बरोबर हाय. आमचं तिघं बी बरोबर हुतं,” सोपानराव म्हणाला. “गिरजा मेली.”

बरकतनं रेडिओ बंद केला. पुन्हा लावला नाही.

सोपानराव दर फाल्गुनात एक अर्ज लिहितो. नऊ वर्षं, नऊ अर्ज. मजकूर एकच. तो काही मागत नाही. त्यानं एकच विचारलंय. अर्ज पोचल्याची पावती येते, उत्तर येत नाही. उद्या माझा पंखा वितळून कुठल्याशा पंपाचा पंखा होईल आणि मग त्याच्या शेजारी बसायलाही कुणी उरणार नाही.

मित्रांनो, तुमच्यापाशी एकच मागतो. राखणदार ठेवाल, तर त्याचा गळा मोकळा ठेवा. त्याला कुलपंच घालायची असतील, तर त्याच्यावर भरवसा ठेवायला कुणाला शिकवू नका. तुम्ही ऐकाल असं मला वाटत नाही. मोठमोठे देश ऐकत नाहीत. पण सांगितल्याशिवाय फुटणार नाही.

आणि साहेब, तुमच्यासाठी तो नऊ वर्षांचा अर्ज मी इथं मोठ्यानं वाचतो. आता माझ्या गळ्याला कुलूप नाही. पेटी तीन किल्ल्यांशिवाय उघडणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, कारण सही तुमची होती. गिरजाबाई भोंग्याशिवाय जागची हलणार नाही हेही ठाऊक होतं, कारण फलक तुमचा होता. मग त्या गुरुवारी, त्या बावीस मिनिटांत, तिनं कुणाची वाट बघायची होती?

उत्तर द्या.